डोळ्यांची निगा

लढाऊ सामानसुमानाची चर्चा या पानावर कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. येथे गायन, नाटक, ग्रंथ, उत्सव यांविषयी लिहावयाचे. तेथे रडारची आणि अंदाजपत्रकाची भाषा बरी दिसते काय? माझे उत्तर सरळ आहे. एखादा समाज नवी वस्तू किती थाटाने आणतो यावरून त्याची ऐपत कळते. आणलेली वस्तू तो किती वर्षे आणि किती नेमाने राखतो यावरून त्याची वृत्ती कळते. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या घराण्यांना हे सांगावयास नको. वाडा बांधणाऱ्या पूर्वजाची तसबीर दिवाणखान्यात लागते. दरसाल पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या भेगा बुजविणाऱ्या वंशजाची कोणी आठवणही काढीत नाही. पण वाडा उभा राहतो तो या दुसऱ्या माणसाच्या जिवावर. राष्ट्राच्या संरक्षणालाही हाच न्याय लागू आहे, आणि तो किती निष्ठुरपणे लागू होतो याचे एक उदाहरण अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाने नुकतेच घालून दिले आहे. ते आपण समजून घ्यावे, कारण त्याच वाटेवर आपलाही देश आता पाऊल टाकू पाहत आहे.

अमेरिकेच्या वायुदलाजवळ 'जॉइंट स्टार्स' नावाची विमाने होती. 'ई-८' ही त्यांची सरकारी संज्ञा. बाहेरून पाहिले तर ते जुन्या बोइंग ७०७ या प्रवासी विमानाचेच धूड. फक्त पोटाखाली, पुढच्या अंगाला, सुमारे १२ मीटर लांबीचे होडीच्या आकाराचे आवरण. त्या आवरणात सुमारे ७ मीटर लांबीचा रडारचा आकाशक बसविलेला असे. आकाशातील शत्रूची विमाने हेरणे हे त्याचे काम नव्हे. त्याची नजर खाली जमिनीवर. अडीचशे किलोमीटरपर्यंत, म्हणजे ग्वाल्हेरहून आग्र्याचे जे अंतर आहे त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर, रस्त्यावरून चाललेला वाहनांचा तांडा या विमानाला दिसे. आणि एका वेळी सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचा मुलूख त्याच्या टप्प्यात येई. रात्र असो, ढग असोत, धुळीचे लोट असोत, रडारला त्याची पर्वा नसते.

हे घडते कसे, तेही थोडक्यात सांगतो. फाटकाशी उभे राहून आगगाडीची शिट्टी ऐकली आहे ना? गाडी जवळ येताना तिचा स्वर चढा असतो आणि पुढे निघून जाताना तो उतरतो. रडारने सोडलेली लहर स्थिर जमिनीवरून एका स्वरात परतते आणि चालत्या गाडीवरून किंचित वेगळ्या स्वरात परतते. हा बारीकसा फरक पकडून विमानातील यंत्र पडद्यावर ठिपके उमटविते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक चालती वस्तू. जे स्थिर आहे, जसे पूल, छावण्या, उभी वाहने, त्याचे चित्र घेण्याची रीत निराळी. विमान पुढे सरकत असता जागोजागचे प्रतिध्वनी साठवावयाचे आणि मग गणिताने ते असे जुळवावयाचे की जणू कित्येकपट लांब आकाशकाने पाहिले. विमान चालविणाऱ्या चौघांखेरीज वायुदलाची पंधरा आणि भूदलाची तीन माणसे आत पडद्यांसमोर बसत. भूदलाची माणसे तेथेच असल्यामुळे खालच्या सेनापतीला काय हवे आहे, हे वरच्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

ही कल्पना जन्मली सोविएत रणगाड्यांच्या भीतीतून. युरोपात युद्ध पेटलेच तर पहिल्या फळीमागून येणारी दुसरी फळी वाटेतच कशी हेरावी, हा प्रश्न होता. १९८५ मध्ये ग्रुमन कंपनीला हे काम मिळाले. विमाने अद्याप चाचणीच्याच अवस्थेत असताना १९९१ साली इराकशी युद्ध सुरू झाले, आणि दोन अपुरी विमाने, त्यांतील यंत्रज्ञांसह, सौदी अरबस्तानात पाठविण्यात आली. त्यांनी ४९ उड्डाणे केली आणि ५०० तासांहून अधिक काळ आकाशात काढला. कुवेत सोडून रात्रीच्या अंधारात उत्तरेकडे निघालेल्या इराकी वाहनांच्या रांगा त्यांनी टिपल्या. एरव्ही सेनापतीला शत्रूच्या हालचालीची वार्ता तासांनी किंवा दिवसांनी मिळते. येथे ती घडत असतानाच दिसू लागली. त्यानंतर अशी विमाने हवीतच, याविषयी कोणाला शंका उरली नाही. १७ विमाने घेण्यात आली. शेवटचे २००५ साली दाखल झाले.

कथेची पहिली गाठ येथे आहे. खर्च वाचावा म्हणून नवी विमाने न घेता अनेक वर्षे वापरलेली बोइंग ७०७ विमाने विकत घेऊन, त्यांची डागडुजी करून, त्यांत हे मौल्यवान रडार बसविण्यात आले. त्या वेळी हा व्यवहार शहाणपणाचा वाटला असेल. परंतु ज्या विमानांचे प्रवासी उत्पादन थांबून गेलेले, त्यांचे सुटे भाग मिळविणे दरसाल महाग होत गेले. डोळा नवा, पण त्याला वाहणारे शरीर म्हातारे. एंजिने जुन्या जातीची होती. इंधन अधिक खात आणि उंची गाठण्यास कमी पडत. नवी एंजिने बसविण्याची योजना निघाली, २००८ साली चाचणीच्या विमानाने त्यांसह उड्डाणही केले. पण पैशाचा ओघ आटला आणि ती योजना सबंध ताफ्यापर्यंत पोहोचलीच नाही. एंजिनांसाठी लागणारा पैसा डोळ्यांत भरतो. एंजिने न बदलल्यामुळे वर्षानुवर्षे जळणारे इंधन आणि धावपट्टीवर दुरुस्तीसाठी खोळंबलेली विमाने कोणत्याही एका वर्षाच्या अंदाजपत्रकात डोळ्यांत भरत नाहीत.

२००९ सालची एक घटना यासंबंधी बोलकी आहे. मार्च महिन्यात यांपैकी एक विमान हवेतल्या हवेत इंधन घेत असता त्याची इंधनाची टाकी आतल्या दाबाने फाटली. विमान कसेबसे सुखरूप उतरले. चौकशीत आढळले ते असे की, मोठ्या दुरुस्तीच्या वेळी चाचणीसाठी टाकीच्या वायुमार्गात बसविलेले एक बूच काढावयाचेच राहून गेले होते. एवढ्याशा बुचाने अडीच कोटी डॉलरांचे नुकसान केले, आणि ते विमान पुन्हा कामावर रुजू झाले नाही. शत्रूने या ताफ्यातील एकही विमान पाडले नाही. जे एक अकाली गेले ते देखभालीतील गफलतीने गेले.

पुढे वायुदलाने ठरविले की, या म्हाताऱ्या विमानांच्या जागी व्यापारी मंडळी वापरतात तशा लहान, नव्या जेट विमानांवर नवे रडार बसवावे. १७ विमाने आणि सुमारे सात अब्ज डॉलर असा अंदाज होता. तीन मोठ्या कंपन्या स्पर्धेत उतरल्या. वर्षे गेली, आराखडे झाले, निविदा झाल्या. आणि २०१८च्या फेब्रुवारीत वायुदलानेच ही योजना रद्द करावयाचे ठरविले. कारण असे सांगितले की, रशिया व चीन यांच्याजवळ आता इतक्या लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आहेत की, असे मोठे, सावकाश घिरट्या घालणारे विमान युद्धाच्या पहिल्याच दिवशी पडेल. तेव्हा एका विमानावर सर्व भार न टाकता उपग्रह, मानवरहित विमाने आणि अन्य साधने यांच्या जाळ्याने तेच काम करावे. अमेरिकेच्या संसदेत यावर बराच वाद झाला. ज्या जॉर्जिया राज्यात या विमानांचा तळ होता तेथील प्रतिनिधींनी विरोध केला, परंतु अखेर योजना रद्द झाली ती झालीच.

या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची भीती खरी आहे, आणि उद्या उपग्रहांनी जमिनीवरची प्रत्येक हालचाल अखंड टिपली तर कोणाला ते नको आहे? माझा आक्षेप क्रमाला आहे. नवा दिवा लागण्यापूर्वी जुना विझवू नये, हे आपल्या घरातील म्हातारी माणसेही सांगतील. २०२१च्या अखेरीस रशियाने युक्रेनच्या सीमेवर सैन्य जमविण्यास आरंभ केला, तेव्हा ते पाहावयास हीच जुनी विमाने युरोपात उडत होती. २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि त्याच महिन्यात या ताफ्यातील पहिले विमान निवृत्त करण्यात आले! २०२३च्या सप्टेंबरात शेवटची कामगिरी झाली, नोव्हेंबरात शेवटचे विमान तळावरून गेले. उपग्रहांचे जाळे तेव्हा पुरे झालेले नव्हते. गरज संपली नव्हती याचा पुरावा अमेरिकेच्याच भूदलाने दिला. २०२४ साली त्याने लहान जेट विमानांवर टेहळणीची उपकरणे बसविण्याचे नवे कंत्राट दिले. म्हणजे एका खात्याने 'हे विमान आता निकामी' असे म्हणून जो दरवाजा लावला, तोच दुसऱ्या खात्याने उघडला, आणि मधल्या वर्षांतील अनुभवी माणसे व पैसा यांचा हिशेब कोणी मांडावयाचा?

ब्रिटनची कथाही फार निराळी नाही. १९९९ साली कंत्राट देऊन त्यांनी 'सेंटिनेल' नावाची पाच विमाने उभी केली. खर्च सुमारे एक अब्ज पौंड. २०१० साली काटकसरीच्या लाटेत ठरले की, अफगाणिस्तानातील काम संपताच ती मोडीत काढावयाची. पण २०११ मध्ये लिबियाचे प्रकरण उद्भवले, २०१३ मध्ये माली आले, आणि प्रत्येक वेळी 'सेंटिनेल'ला बोलावणे आले. २०१४च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्येच पूर आला, तेव्हा पाण्याखाली गेलेला मुलूख पाहण्यासही तिचाच उपयोग झाला. जिला निरोप द्यावयाचा ठरले होते तिला असे दहा वर्षे थांबवून घेतले. पण आज जाणार, उद्या जाणार अशा वस्तूवर मन लावून कोण खर्च करतो? यंत्रे जुनी झाली, आणि २०२१ साली जुनी झाल्याचे कारण सांगून ती काढून टाकण्यात आली. आधी निगा राखावयाची नाही आणि मग वस्तू बिघडली म्हणून टाकावयाची, हा न्याय आपल्याही घरी, आपल्याही संस्थांत पुष्कळदा पाहावयास मिळतो. यातल्या त्यात नाटो संघटनेचा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. १५ देशांनी मिळून पाच मानवरहित टेहळणी विमाने घेतली, ती सिसिली बेटावरील सिगोनेला येथे ठेवली, आणि ती चालविण्याच्या खर्चाची वर्गणी संघटनेतील सर्व देशांनी द्यावयाची असे आधीच ठरवून टाकले. खरेदीबरोबरच पोसण्याचा बंदोबस्त झाला.

आता आपल्याकडे वळू. शत्रू कोठे आहे हे वेळेवर न कळण्याची किंमत काय असते, हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाइतके कोणास ठाऊक असणार? १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या पात्रातील उंच गवताआडून शत्रू अलीकडे उतरला आणि बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस भाऊसाहेब कुंजपुऱ्याच्या बाजूस असताना अब्दालीने बागपताजवळ तीच यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट अडविली. पानिपताची कारणे अनेक आहेत. इतिहासकार त्यांवर वाद घालीत राहतील. पण एकाच नदीने एकाच वर्षात दोनदा दगा दिला, हे विसरता येत नाही. नदी दोन्ही वेळा तीच होती. तिच्यावर पुरेसे डोळे नव्हते.

ही जुनी गोष्ट झाली म्हणावे, तर १९९९ चे कारगिल काही जुने नव्हे. हिवाळ्यात हेलिकॉप्टरांची गस्त चालू होती, तरीही शिखरांवर येऊन बसलेल्या घुसखोरांची पहिली वार्ता मे महिन्याच्या आरंभी स्थानिक मेंढपाळांकडून मिळाली. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने टेहळणीतील उणिवांवर नेमके बोट ठेवले. ती शिखरे परत घेताना आमच्याच महाराजपुऱ्याच्या तळावरील मिराज तुकड्यांची विमाने टायगर हिलवर बॉम्ब टाकण्यास गेली होती. जे आधी दिसले असते तर कदाचित टळले असते, ते नंतर रक्ताने परत मिळवावे लागले.

या अनुभवातून शिकून आपल्या देशाने बरेच केले आहे. रडारने भूमीचे चित्र घेणारे उपग्रह सोडले, आकाशातील विमाने हेरणारे 'नेत्र' विमान स्वदेशात घडवून २०१७ मध्ये वायुदलाला दिले. जमिनीवर नजर ठेवणारी तीन विमाने घेऊन त्यांत संरक्षण संशोधन संस्थेने घडविलेली उपकरणे बसवावीत, असा सुमारे १०,००० कोटी रुपयांचा प्रस्तावही २०२५ साली चर्चेत आला. या प्रस्तावाचे मी स्वागत करतो. पण स्वागताबरोबर काही प्रश्नही विचारले पाहिजेत, आणि ते आजच विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न असा की, या विमानांच्या पुढल्या तीस वर्षांच्या पोटापाण्याची सोय खरेदीच्या कागदातच होणार आहे काय? विमानाचे शरीर तीस वर्षे टिकेल. त्यातील गणकयंत्रे आणि पडदे दहा वर्षांतच जुने होतील. ते बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी मांडला नाही, तर दहाव्या वर्षी तो 'नवा खर्च' म्हणून पुढे येईल आणि मागे लोटला जाईल. दुसरा प्रश्न संख्येचा. तीन विमाने म्हटली की एक दुरुस्तीत, एक शिकवणीत आणि एकच प्रत्यक्ष कामावर, असे पुष्कळदा घडते. हे आधीच ओळखून माणसे आणि सुटे भाग यांची तरतूद हवी. तिसरा प्रश्न मर्यादांचा. हिमालयात डोंगराच्या पाठीमागे रडारची सावली पडते. त्या सावलीतून चालणारा माणूस अशा विमानाला दिसणार नाही. तेव्हा 'हे घेतले की सर्व काही दिसेल' असे जनतेला सांगू नये. उपग्रह, मानवरहित विमाने, सीमेवरची चौकी आणि मेंढपाळाशी असलेला जवानाचा स्नेह, सारेच लागणार.

कोणी म्हणेल, उपग्रह आहेत ना? आहेत, आणि ते हवेतच. परंतु १८ मे २०२५ रोजी रडारचा नवा उपग्रह घेऊन निघालेले आपले अग्निबाण तिसऱ्या टप्प्यात बिघडले आणि तो उपग्रह हाती लागला नाही. यात शास्त्रज्ञांना दोष देण्याचे कारण नाही. असे मोठमोठ्या देशांत घडते. पण ज्या घराला एकच दिवा असतो त्याला वाऱ्याची भीती फार. शिवाय उपग्रह आपल्या कक्षेप्रमाणे येतो आणि जातो. विमान जेथे आणि जेव्हा हवे तेथे तासन्‌तास थांबते. म्हणून मला दोन्ही हवीत.

आणखी एक आक्षेप असा येईल की, आपल्यासारख्या देशाने शाळा-दवाखाने सोडून हा शौक का करावा? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. १०,००० कोटी ही थट्टेवारी नेण्यासारखी रक्कम नव्हे. पण म्हणूनच अर्धवट खर्च सर्वांत उधळा, असे माझे म्हणणे आहे. थाटाने आणलेली आणि निगेवाचून पडून राहिलेली यंत्रे शाळेचाही पैसा खातात आणि सीमेचाही. एकतर घेऊ नये. आणि घेतले तर पोसावे. महाराजपुऱ्यात १९८५ पासून असलेल्या मिराज विमानांच्या आधुनिकीकरणाचे कंत्राट २०११ मध्ये झाले, तेव्हा 'जुन्या विमानांवर एवढा पैसा कशाला' अशी कुरकूर झालीच होती. २०१९च्या फेब्रुवारीत बालाकोटच्या कामगिरीवर निघाली ती मिराज विमानेच, आणि निघाली तीही याच तळावरून. त्यांचा घरघराट आपल्या गच्चीवरून रोज ऐकू येतो. त्यामागे वर्षानुवर्षे पाना फिरविणारे हात आहेत, याचे भान मात्र आपल्याला क्वचितच असते.

म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींकडे माझी मागणी साधी आहे. संसदेत हा प्रस्ताव येईल तेव्हा विमान किती लांब पाहते एवढेच विचारून थांबू नका. त्याचे दहाव्या वर्षी काय होणार, विसाव्या वर्षी काय होणार, आणि त्याची जागा घेणारे साधन हाती येईपर्यंत त्याला कोण सांभाळणार, हेही विचारा. उत्तर लेखी घ्या, आणि दरसाल अंदाजपत्रकाच्या वेळी तो कागद पुन्हा बाहेर काढा. अमेरिकेजवळ पैसा अमाप होता, तरी तेथे हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. आपल्याजवळ तितका पैसा नाही. प्रश्न विचारण्यास मात्र पैसा लागत नाही.